काँटेसा ३२

काँटेसा ३२ ही फायबरग्लासची, एका डोलकाठीची, दूरच्या सागरभ्रमणासाठी बांधलेली छोटी शिडाची नौका आहे. तिची एकूण लांबी ९.७५ मीटर (३२ फूट) आहे. ब्रिटिश नौकारचनाकार डेव्हिड सॅडलर यांनी नौकाबांधणी व्यावसायिक जेरेमी रॉजर्स यांच्या सहकार्याने तिचा आराखडा तयार केला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टन या गावात १९७१ पासून तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काळात या प्रकारच्या सातशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत आलेल्या वादळात सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव नौका काँटेसा ३२ होती. त्यानंतर झालेल्या चौकशीत या आराखड्याची स्थिरता तुलनेसाठी वापरली गेली. त्यामुळे छोट्या सागरगामी नौकांच्या स्थिरतेची चर्चा करताना तिचा उल्लेख आजही होतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धापर्यंत शिडाच्या छोट्या नौका जवळजवळ सर्वत्र लाकडाच्या असत. लाकडी नौका बांधण्यासाठी कुशल सुतार आणि पुष्कळ वेळ लागे. शिवाय दर वर्षी फटी बुजवणे, रंग देणे आणि कुजलेल्या फळ्या बदलणे ही कामे मालकाला चुकत नसत. काचेचे बारीक तंतू आणि कृत्रिम राळ यांच्या संयोगातून तयार होणारे फायबरग्लास १९४० च्या दशकात नौकाबांधणीत आले. अमेरिकेत १९५९ मध्ये कार्ल अल्बर्ग यांच्या आराखड्यावरून पिअर्सन कंपनीने ट्रायटन ही २८ फुटी नौका बाजारात आणली. एकदा साचा तयार झाला की त्यातून एकसारखी कवचे पुन्हा पुन्हा काढता येतात आणि मध्यमवर्गीय कुटुंबालाही समुद्रगामी नौका परवडू शकते, हे तिच्या यशाने दाखवून दिले.

काँटेसा ३२ च्या आधी सॅडलर आणि रॉजर्स यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास काँटेसा २६ ही नौका तयार केली होती. तिचे मूळ १९४२ मध्ये स्वीडनमध्ये आखलेल्या नॉर्डिक फोकबोट या लाकडी नौकेत होते. अरुंद बांधा, लांब कील आणि खाली भरपूर वजन ही फोकबोटीची वैशिष्ट्ये काँटेसा २६ मध्ये फायबरग्लासच्या रूपात उतरली. काँटेसा ३२ हे त्यापुढचे पाऊल होते. कुटुंबाला सुटीत वापरता येईल इतकी ऐसपैस, शनिवार-रविवारच्या शर्यतीत टिकेल इतकी वेगवान आणि अटलांटिकवर भरवसा ठेवता येईल इतकी मजबूत नौका हवी, अशी त्यामागची कल्पना होती. या तीन अपेक्षा एकमेकींशी फारशा जमत नाहीत. एकीला झुकते माप दिले की दुसरी उणी पडते. काँटेसा ३२ मध्ये झळ सोसली ती प्रामुख्याने आतल्या जागेने.

त्याच सुमारास शर्यतींच्या जगात इंटरनॅशनल ऑफशोअर रूल ही नवी नियमावली रूढ होत होती. वेगवेगळ्या आकारांच्या नौकांना एकत्र शर्यत करता यावी म्हणून ती मापांवरून प्रत्येक नौकेची सवलत ठरवी. रुंद मध्यभाग, निमुळती टोके आणि तळाशी तुलनेने कमी वजन असलेल्या आराखड्यांना या मोजणीत अनुकूल आकडा मिळत असे. त्यामुळे १९७० च्या दशकात रचनाकार अधिकाधिक हलक्या आणि रुंद नौका आखू लागले. काँटेसा ३२ या प्रवाहाच्या अगदी उंबरठ्यावर जन्मली. तिच्यावर त्याचा थोडा परिणाम दिसतो, परंतु तिचा मूळ पिंड जुन्या अरुंद नौकांचाच राहिला.

आराखडा

नौकेची जलरेषेवरील लांबी ७.३२ मीटर (२४ फूट), कमाल रुंदी २.९० मीटर (९ फूट ६ इंच) आणि पाण्याखालची खोली १.६८ मीटर (५ फूट ६ इंच) आहे. तिचे विस्थापन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे आणि पर्यायाने तिचे स्वतःचे वजन, ४,३०९ किलोग्रॅम आहे. त्यांपैकी २,०४१ किलोग्रॅम कीलमधील भाराचे आहे. तळाशी ठेवलेल्या अशा भाराला जुन्या दर्यावर्दी मराठीत नीरम म्हणत. एकूण वजनाचा ४७ टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने सर्वांत खाली ठेवलेला आहे, आणि या नौकेच्या स्वभावातील बहुतेक गोष्टींचे मूळ या एका आकड्यात सापडते.

एकूण लांबी आणि जलरेषेवरील लांबी यांत जवळजवळ अडीच मीटरांचे अंतर आहे. पुढे तिरकी झुकलेली नाळ आणि मागे पाण्यावर उचललेले टोक यांमुळे नौका सरळ उभी असताना तिची बरीच लांबी पाण्याबाहेर असते. वाऱ्याने ती कलली की ही टोके काही प्रमाणात पाण्याला टेकतात आणि जलरेषा लांबते. पाणी दुभागत जाणाऱ्या कवचाचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीवर अवलंबून असतो: फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले असता नॉटमधील वेगाची ढोबळ मर्यादा मिळते. २४ फुटांसाठी ही मर्यादा सुमारे ६.५ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटर येते. कवच जितके जोराने पुढे जाते तितकी त्याच्याच लाटेची लांबी वाढते. ही लांबी नौकेच्या जलरेषेएवढी झाली की नौका स्वतःच्या दोन लाटाशिखरांमधील खळग्यात अडकल्यासारखी होते. म्हणून शिडांवर आणखी जोर आला तरी वेग फारसा वाढत नाही. दूरच्या प्रवासात सरासरी पाच नॉट धरले तर दिवसाला १२० सागरी मैल कापले जातात, आणि अन्नपाण्याचा हिशेब अशाच सरासरीवर करावा लागतो.

विस्थापन आणि लांबी यांचे गुणोत्तर हे नौका जड की हलकी हे सांगणारे प्रचलित माप आहे. लाँग टनांतील वजनाला जलरेषेच्या फुटांतील लांबीच्या शंभराव्या भागाच्या घनाने भागून ते काढतात. काँटेसा ३२ साठी हे गुणोत्तर सुमारे ३०७ येते, आणि सर्वसाधारण वर्गीकरणात ते जड बाजूला पडते. जड नौका लाटेवर कमी उसळते, तिची हालचाल संथ असते आणि आतील माणसे कमी थकतात. शिवाय काही आठवड्यांचे पाणी, डबाबंद अन्न आणि इंधन चढवल्यानंतर तिच्या एकूण वजनात होणारा बदल प्रमाणाने थोडाच असतो. हलकी नौका मात्र इतक्याच सामानाने पाण्यात लक्षणीय खोल बसते.

कील आणि सुकाणू यांच्या मांडणीत हा आराखडा आपल्या पूर्वजांपासून वेगळा होतो. कोकणातील होडी बांधणारे जिला पठाण म्हणतात ती तळाची कणाफळी पारंपरिक नौकेत नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सलग जाते आणि सुकाणू तिच्याच शेवटाला जोडलेले असते. फोकबोट आणि काँटेसा २६ यांची रचना या लांब कीलच्या जातीची आहे. काँटेसा ३२ मध्ये कील मध्यभागी गोळा केलेला, माशाच्या परासारखा पण बराच लांबट आहे. सुकाणू त्याच्यापासून दूर, मागच्या बाजूला स्वतंत्र आहे. पाण्याला घासणारा पृष्ठभाग त्यामुळे कमी होतो आणि नौका लवकर वळते. सुकाणू मोकळे लटकत ठेवलेले नाही. त्याच्यापुढे स्केग म्हणून ओळखला जाणारा स्थिर पाता कवचालाच जोडलेला आहे आणि सुकाणू त्याच्यावर बिजागरीने टेकते. तरंगते लाकूड किंवा मासेमारीचे दोर यांचा पहिला मार स्केगवर बसतो. खुल्या सुकाण्याची कार्यक्षमता थोडी अधिक असते हे खरे, परंतु किनाऱ्यापासून हजार मैलांवर सुकाणू मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे ते हा सौदा आनंदाने करतात. नौका टिलरने, म्हणजे सुकाणूला थेट जोडलेल्या दांड्याने चालवली जाते.

शिडांची मांडणी स्लूप प्रकारची आहे: एक डोलकाठी, तिच्यामागे मुख्य शीड आणि पुढे थेट डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत जाणारे नाळेकडचे शीड. ही मांडणी साधी असल्याने दोन माणसांना, आणि प्रसंगी एकालाही, नौका सांभाळता येते. वारा वाढला की पुढचे मोठे शीड बदलून लहान लावायचे आणि मुख्य शिडाचा खालचा भाग गुंडाळून त्याचे क्षेत्रफळ घटवायचे. अरुंद बांध्यामुळे कललेल्या अवस्थेतही कवचाचा पाण्यातील आकार फारसा वाकडा होत नाही, म्हणून नौका स्वतःहून वाऱ्याकडे तोंड वळवण्याचा हट्ट कमी करते आणि टिलरवरचा हात हलका राहतो. रुंद पाठीच्या नौका कलल्या की नेमकी उलटी तक्रार ऐकू येते.

कवचाची बांधणी

फायबरग्लासच्या कवचासाठी आधी लाकूड इत्यादींचा पूर्ण आकाराचा नमुना तयार करतात, त्याच्यावरून आतून गुळगुळीत असलेला साचा घेतात आणि मग साच्यातून नौका काढतात. साच्याला मेण लावून त्यावर प्रथम जेलकोट हा रंगीत, चकचकीत राळेचा थर देतात. तयार नौकेवर बाहेरून दिसतो तो हाच थर. त्याच्यामागे काचतंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर राळ यांचे थर हाताने चढवले जातात. आखूड तंतू विस्कळीत पसरलेली चटई आणि जाड धाग्यांचे विणलेले कापड आळीपाळीने वापरतात. विणलेले कापड ताण सोसते. चटई थरांना एकमेकांशी घट्ट बांधते आणि पाणी झिरपू देत नाही. प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे लाटणीसारख्या रुळाने काढावे लागतात, कारण आत राहिलेला बुडबुडा हा पुढे कमकुवत जागा ठरतो. चटईच्या थरात काचेच्या वजनाच्या दुपटीहून अधिक राळ लागते आणि जास्तीची राळ ताकद न वाढवता केवळ वजन वाढवते. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन नौकांचा दर्जा काम करणाऱ्या हातांवर बराच अवलंबून असतो.

काँटेसा ३२ च्या काळातील कवचे आजच्या मानाने जाड आहेत. नव्या पदार्थाचा दीर्घकालीन अनुभव नसल्याने बांधणारे हिशेबापेक्षा अधिक थर देत. कील वेगळी बोल्टांनी जोडलेली नसून कवचाचाच पोकळ भाग आहे आणि भार त्याच्या आत बंदिस्त आहे. कीलचे बोल्ट गंजण्याची किंवा सांधा गळण्याची चिंता त्यामुळे राहत नाही. मात्र नौका खडकावर आपटून कीलचे कवच फुटले तर आत शिरलेले पाणी बाहेर काढणे आणि दुरुस्ती करणे जिकिरीचे होते.

फायबरग्लास कुजत नाही. पण ते अमरही नाही. पाण्याचे रेणू जेलकोटमधून हळूहळू आत शिरतात, राळेतील विद्राव्य घटकांशी मिसळून आम्लयुक्त द्रव बनवतात आणि त्याच्या दाबाने कवचावर फोड येतात. ऑस्मोसिस या नावाने ओळखला जाणारा हा दोष या पिढीच्या सर्वच बांधकामांत कमी-अधिक आढळतो. फोडांमुळे नौका बुडल्याची उदाहरणे विरळा असली तरी जेलकोट सोलून काढणे, कवच काही महिने सुकवणे आणि इपॉक्सीचे नवे थर देणे हा खर्चिक उपचार जुन्या नौकेच्या किमतीला भारी पडतो. वापर संपलेल्या कवचांचे काय करायचे हा प्रश्नही कायम आहे. कडक झालेली पॉलिएस्टर राळ पुन्हा वितळत नाही.

स्थिरता

शिडाच्या नौकेला कलण्यापासून सावरणाऱ्या दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे आकाराची स्थिरता. रुंद नौका कलली की तिची खालची बाजू अधिक पाण्यात जाते, पाण्याचा वर उचलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि नौका लगेच सरळ होऊ पाहते. दुसरी म्हणजे वजनाची स्थिरता. तळाशी जड भार असल्याने नौकेचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि नौका जितकी अधिक कलते तितका तो भार तिला परत ओढतो. बुडाशी शिसे भरलेली बाहुली कशीही पाडली तरी उठून बसते, तोच हा प्रकार.

किरकोळ कलण्यात रुंद नौका अधिक ताठ वाटते आणि तिच्यावर जास्त शीड ठेवता येते. फरक दिसतो तो मोठ्या कोनात. तराफा सरळ असताना जितका स्थिर, तितकाच उलटा पडल्यावरही स्थिर असतो. अतिरुंद आणि हलक्या तळाच्या नौकेचेही तसेच आहे. नौका कोणत्या कोनापर्यंत स्वतःहून परत येऊ शकते त्याला स्थिरता-लोपाचा कोन म्हणतात. ९० अंशांवर डोलकाठी पाण्याला टेकलेली असते. त्यापुढे नौका किती अंश झेपावेल आणि तरीही सावरेल, हे या कोनावरून कळते. काँटेसा ३२ साठी तो १५५ अंशांच्या आसपास आहे. पूर्ण उलटी अवस्था १८० अंशांची. म्हणजे ही नौका केवळ शेवटच्या २५ अंशांच्या पट्ट्यातच उलटी राहू शकते, आणि पुढची लाट तिला त्या अरुंद पट्ट्यातून ढकलून बाहेर काढण्याची शक्यता बरीच असते.

हा कोन शांत पाण्यात, दारे-झडपा बंद आहेत असे धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात केबिनचे छत, डोलकाठी, वर रचलेले सामान अशा गोष्टी तो बदलतात. डोलकाठीवर गुंडाळलेले जड शीड किंवा डेकवर बांधलेली छोटी होडी गुरुत्वमध्य वर नेते. केबिनचे छत पाण्यात बुडाले की त्याचा फुगवटा नौकेला उलटी राहू देत नाही, म्हणून तो उपकारक ठरतो. त्याच वेळी जिन्याच्या दारातून पाणी आत आले तर सगळा हिशेब निरर्थक होतो.

१९७९ ची फास्टनेट शर्यत

इंग्लंडमधील काउझ येथून निघून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला संपणारी ही शर्यत त्या वेळी सुमारे ६०५ सागरी मैलांची होती. ११ ऑगस्ट १९७९ रोजी ३०३ नौका निघाल्या. १३ ऑगस्टच्या रात्री आणि १४ ऑगस्टला अपेक्षेहून कितीतरी तीव्र वादळाने त्यांना उघड्या समुद्रात गाठले. स्पर्धकांपैकी १५ जणांचा मृत्यू झाला. २४ नौका सोडून द्याव्या लागल्या. त्यांपैकी ५ बुडाल्या आणि उरलेल्या १९ नंतर तरंगत सापडल्या. हा शेवटचा आकडा पुढे नाविकांच्या शिकवणीत वारंवार सांगितला जाऊ लागला, कारण काही जणांनी ज्या नौका सोडल्या त्या त्यांच्या तराफ्यांपेक्षा अधिक टिकल्या होत्या.

शर्यत पूर्ण करणाऱ्या नौका ८५ होत्या. सर्वांत मोठ्या नौकांच्या वर्गातील १४ पैकी १३ पोचल्या. सर्वांत लहान नौकांच्या पाचव्या वर्गातील ५८ पैकी केवळ एक. ती म्हणजे ॲलन कर यांच्या नेतृत्वाखालील असेंट ही काँटेसा ३२. एका नौकेच्या यशावरून आराखड्याचे मूल्य सिद्ध होत नाही. नौका वादळाच्या कोणत्या भागात होती, खलाशांचा अनुभव किती, माघारीचा निर्णय कोणी कधी घेतला, या सर्वांचा परिणाम निकालावर झाला होता; माघार घेऊन सुखरूप बंदर गाठणाऱ्यांनीही चूक केली असे म्हणता येणार नाही.

अधिक भक्कम पुरावा नंतरच्या चौकशीने दिला. रॉयल यॉटिंग असोसिएशन आणि रॉयल ओशन रेसिंग क्लब यांनी मिळून केलेल्या या चौकशीत काँटेसा ३२ ची तुलना ग्रिमॅल्किन या ३० फुटी शर्यती-नौकेशी करण्यात आली. ग्रिमॅल्किन वादळात उलटून काही मिनिटे तशीच राहिली होती आणि तिच्यावरील दोघांचा मृत्यू झाला होता. लांबीने जवळपास सारख्या असलेल्या या दोन नौकांच्या स्थिरतेत मोठी तफावत निघाली. ग्रिमॅल्किनचा स्थिरता-लोपाचा कोन सुमारे ११७ अंश होता. शर्यतीच्या नियमांनी ज्या दिशेने रचनाकारांना ढकलले होते तिची किंमत या दोन वक्ररेषांत प्रथमच इतक्या उघडपणे दिसली.

चौकशीत इतरही उणिवा पुढे आल्या. सुरक्षापट्टे अडकवण्याच्या जागा निखळल्या, केबिनच्या दारातील फळ्या उलटण्याच्या वेळी गळून पडल्या आणि तेथून पाणी आत आले. काही नौकांची नव्या कार्बन-तंतूची सुकाणी मोडली. त्यामुळे दार बंद ठेवणाऱ्या फळ्या दोराने किंवा खिळीने अडकवलेल्या असाव्यात, हा नियम पुढे सर्वत्र रूढ झाला. साउदॅम्प्टन विद्यापीठातील वुल्फसन केंद्रात प्रतिकृतींवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: फुटणारी लाट पुरेशी उंच असली आणि नौकेच्या कुशीवर आदळली, तर तीच्याच आकाराची कोणतीही नौका उलटू शकते. चांगला आराखडा उलटणे टाळण्याची हमी देत नाही; उलटल्यावर परत येण्याची शक्यता वाढवतो.

या घटनेनंतर सामान्य मालकालाही वापरता येतील अशी ढोबळ मापे प्रचारात आली. अमेरिकेत सुचवलेल्या एका सूत्रानुसार नौकेच्या फुटांतील रुंदीला, तिच्या पौंडांतील वजनाच्या चौसष्टाव्या भागाच्या घनमुळाने भागतात. उत्तर २ पेक्षा कमी असेल तर नौका खोल समुद्रासाठी विचारात घ्यावी. काँटेसा ३२ साठी ते सुमारे १.८ येते. या सूत्रात भार तळाशी आहे की छतावर, याची नोंद होत नाही, म्हणून ते गाळणीसारखे वापरावे, निर्णयासाठी नव्हे. युरोपात पुढे आलेल्या आयएसओ १२२१७-२ या मानकाने सागरगामी वर्गासाठी स्थिरता-लोपाच्या कोनाची किमान मर्यादा नौकेच्या वजनाशी जोडली. काँटेसा ३२ एवढ्या वजनाच्या नौकेला ती सुमारे १२१ अंश येते.

अंतर्भाग आणि मर्यादा

नाळेजवळ दोन झोपण्याच्या जागा, मध्ये समोरासमोर बाके आणि त्यांच्यामध्ये मेज, जिन्याच्या एका बाजूस स्वयंपाकाचा ओटा आणि दुसऱ्या बाजूस नकाशांचे मेज अशी नेहमीची मांडणी आहे. आज याच लांबीच्या नव्या नौका सव्वातीन मीटर किंवा त्याहून अधिक रुंद असतात आणि त्यांच्यात मागे स्वतंत्र शयनकक्ष बसतो. काँटेसात तो नाही. पाण्यावरची कवचाची उंची कमी असल्याने डोक्यावरची जागा बेताचीच आहे आणि वाऱ्याविरुद्ध जाताना लाटांचे तुषार बसण्याच्या खळग्यापर्यंत येतात. ती ओली नौका आहे, ही तक्रार तिचे चाहतेही मान्य करतात. सुरुवातीला ती सहज कलते आणि मग ताठ होते; रुंद नौकांची सवय असलेल्या पाहुण्याला पहिला तास थोडा घाबरवणारा वाटू शकतो. मात्र समुद्र खवळल्यावर अरुंद केबिनचा फायदा कळतो, कारण माणूस कोठेही धडपडला तरी हाताला आधार लगेच सापडतो.

उत्पादन

१९७२ मध्ये लंडनच्या नौकाप्रदर्शनात काँटेसा ३२ ची सर्वोत्तम नौका म्हणून निवड झाली आणि मागणी वाढली. कॅनडात टोरांटोच्या जे. जे. टेलर अँड सन्स या कंपनीनेही परवान्याने ती बांधली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस मूळ कंपनी आर्थिक अडचणीत सापडून उत्पादन थांबले. १९९० च्या दशकात रॉजर्स यांनी लिमिंग्टन येथे मागणीनुसार थोड्या संख्येने नव्या नौका बांधण्यास आणि जुन्यांचा जीर्णोद्धार करण्यास पुन्हा सुरुवात केली. सॅडलर यांनी दरम्यान स्वतःच्या नावाने नवे आराखडे काढले. त्यांतील सॅडलर ३२ मध्ये काँटेसाचा वारसा अधिक जागा आणि अधिक उंच कवच यांच्यासह दिसतो. काँटेसा ३२ चा स्वतंत्र शर्यती-वर्ग काउझच्या वार्षिक शर्यती-सप्ताहात अनेक वर्षे भाग घेत आला आहे.

उल्लेखनीय प्रवास

असेंटने शर्यतीनंतरही बराच समुद्र पाहिला. ॲलन यांचे वडील विली कर यांनी तिच्यातून ग्रीनलंड, आर्क्टिक आणि अंटार्क्टिकापर्यंत प्रवास केले. १९८४ मध्ये जॉन क्रेट्शमर यांनी गिगी या काँटेसा ३२ मधून न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास केप हॉर्नमार्गे, प्रचलित पश्चिमी वाऱ्यांना तोंड देत केला. धाकट्या काँटेसा २६ ची ख्याती टानिया एबी यांच्याशी जोडलेली आहे. त्या १९८५ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी न्यू यॉर्कहून निघाल्या आणि १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतल्या. त्यांच्या नौकेचे नाव वरुणा होते.

भारतीय संदर्भ

३२ फूट ही लांबी भारतीय नौकानयनाच्या इतिहासातही ओळखीची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सुहैली ही जवळजवळ याच लांबीची सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत बांधली गेली आणि १९६८-६९ मध्ये तिने कोठेही न थांबता एकट्या माणसासह पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. सुहैलीची कील लांब, दोन डोलकाठ्या आणि लाकडी कवच. काँटेसा ३२ तिच्यानंतर अवघ्या काही वर्षांनी आली, पण दोघींमध्ये नौकाबांधणीची दोन युगे आहेत.

सुहैलीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ३२ ते ३६ फुटांच्या आणि १९८८ पूर्वीच्या आराखड्यांच्या नौकांना प्रवेश होता. सुकाणू लांब कीलच्या मागील कडेलाच जोडलेले असावे, या अटीमुळे स्वतंत्र स्केगची काँटेसा ३२ त्यात बसत नाही. अभिलाष टोमी यांनी त्या वर्षी गोव्यात बांधलेल्या थुरिया या सुहैलीच्या प्रतिरूपातून भाग घेतला आणि दक्षिण हिंद महासागरात डोलकाठी मोडून ते गंभीर जखमी झाले. २०२२ च्या शर्यतीत ते रसलर ३६ या ब्रिटिश फायबरग्लास नौकेतून उतरले आणि दुसरे आले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ५६ फुटी म्हादई ही लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली नौका २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती काँटेसापेक्षा कितीतरी मोठी असली तरी काचतंतू आणि राळ हाताने चढवण्याचे काम दोन्हींत एकाच जातीचे आहे. कोकण किनाऱ्यावर मासेमारीसाठी आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या फायबरच्या होड्याही याच पद्धतीने साच्यातून काढल्या जातात.